यंत्राहाती धाडलेली खुशाली

आमच्या लहानपणी दारात तारवाला आला की आई आधी देवापुढे निरांजन लावायची आणि मगच वडिलांना तार फोडू द्यायची. तार म्हणजे वाईट बातमी, हे त्या काळी घराघरांत ठरूनच गेलेलं होतं. चांगली बातमी पोस्टकार्डावरून सावकाश यायची. आजोळहून महिन्याला एक कार्ड येई. त्यात बातमी अशी नसायचीच. सगळे खुशाल आहेत, गाय व्याली, पाऊस बरा आहे, एवढंच. पण ते कार्ड चार दिवस लांबलं की आई अस्वस्थ होई. कार्डातल्या मजकुरापेक्षा कार्ड येणं हाच खरा मजकूर होता, हे मला कळायला पुढे साठी ओलांडावी लागली, आणि ते कळलं एका फ्रीजमुळे!

मी दूरसंचार खात्यात एकतीस वर्षं काढली. एक्स्चेंजमधल्या एमडीएफवर जंपर वायरी ओढण्यात उमेद गेली. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातल्या शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या, तेव्हा आम्ही काही जुने सहकारी उगीचच एकमेकांना फोन करत बसलो होतो. आता बातम्या ई-मेलने जाणार, एसएमएसने जाणार. जाऊ देत. आपलं काय त्यात, असं वाटलं होतं.

माझी थोरली बहीण डॉक्टर आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिचा लहान मुलांचा दवाखाना आहे. २०२२ च्या भाऊबीजेला नेहमीप्रमाणे तिच्याकडे गेलो होतो. ओवाळून झाल्यावर मी पाकीट काढलं, तर ताई म्हणाली, "पैसे नकोत रे. तुझ्या हातात कला आहे ना? मग माझ्या लशींच्या फ्रीजवर नजर ठेवणारं काहीतरी करून दे."

लशीचं दुखणं असं की तिला ऊनही सोसत नाही आणि अती थंडीही. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. उन्हाने लस निकामी होते हे आपल्याला पटतं. पण कावीळ 'ब'ची किंवा त्रिगुणी लस गोठली तरी तिचा गुण जातो, हे अनेकांना ठाऊक नसतं. आणि गंमत म्हणजे बिघडलेली लस दिसायला बहुधा चांगल्या लशीसारखीच दिसते. पोलिओच्या कुपीवर उष्णतेने काळवंडत जाणारा एक चौकोन असतो. पण प्रत्येक कुपीला असा साक्षीदार मिळत नाही. सरकारी शीतसाखळीसाठी २०१५ पासून 'ईविन' नावाची यंत्रणा उभी राहिली. त्यात फ्रीजमधलं तापमान आपोआप नोंदलं जातं आणि बिघाड झाला की संबंधितांना इशारा जातो. ताईच्या खासगी दवाखान्यात मात्र दवाखान्याच्या मागच्याच खोलीत राहणाऱ्या मावशी सकाळ-संध्याकाळ फ्रीज उघडून थर्मामीटर बघायच्या आणि वहीत आकडा लिहायच्या. रविवारीसुद्धा. "त्यांचंही वय झालं," ताई म्हणाली. "एक दिवस तरी त्यांना सुट्टी नको का?"

ही ओवाळणी मी आनंदाने कबूल केली. कबूल केली खरी, पण प्रोग्रॅम लिहिणं आपल्या बापजन्मी जमलेलं नाही. तेव्हा माझी भाची मदतीला धावली. ती पुण्यात संगणकाचं काम करते. म्हणाली, "मामा, तुला लिहायला लागणारच नाही. तुला जंपर ओढता येतात ना? मग झालं."

तिने पत्त्याच्या जोडाएवढा एक छोटा संगणक, रास्पबेरी पाय नावाचा, माझ्यापुढे ठेवला आणि पडद्यावर 'नोड-रेड' उघडून दाखवलं. डाव्या हाताला रंगीत चौकटींची यादी, मधोमध मोकळं मैदान. यादीतली चौकट उचलायची, मैदानात टाकायची, आणि एका चौकटीच्या उजव्या टोकापासून दुसरीच्या डाव्या टोकापर्यंत माउसने तार ओढायची. प्रत्येक चौकट एकच काम करते. एक निरोप घेते, दुसरी तो पारखते, तिसरी मजकूर लिहिते, चौथी ई-मेल धाडते. निरोप तारेतून पुढे सरकत जातो. मी बघतच राहिलो. हे तर आमचं एमडीएफ! फक्त सोल्डरिंगचा वास नाही आणि शिडीवर चढायला नको.

हे साधन २०१३ च्या सुरुवातीला आयबीएममधल्या निक ओ'लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स या दोघांनी तयार केलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते सर्वांसाठी खुलं झालं. म्हणजे आपल्याकडे तार बंद झाली आणि दोनच महिन्यांत तिकडे या नव्या तारा खुल्या झाल्या. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. पॉल मॉरिसन नावाचे गृहस्थ कॅनडात आयबीएममध्ये होते. प्रोग्रॅम म्हणजे हुकमांची लांबलचक यादी नव्हे, तर कारखान्यातला सरकता पट्टा समजा. पट्ट्यावरून माहितीची पुडकी पुढे सरकतात आणि प्रत्येक कामगार आपापलं काम करून ती पुढे ढकलतो, हा विचार त्यांनी १९७० च्या आसपास मांडला आणि १९९४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. स्वयंपाकघरात पुरणपोळीच्या दिवशी एक जण पुरण वाटतो, एक उंडे करतो, एक लाटतो, एक भाजतो. लाटणारीला पुरणात गूळ किती घातला हे ठाऊक असण्याची गरज नसते. तसंच हे.

मी कामाला लागलो. काही शे रुपयांच्या एका सर्किटला तापमान मोजणारी पेन्सिलच्या टोकाएवढी नळी जोडली. ती नुसती फ्रीजमध्ये लोंबत ठेवली तर दार उघडलं की आकडा उडी मारतो. म्हणून ती ग्लिसरिनच्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवली. लशीच्या कुपीलाही वारा लागताच ताप चढत नाही, तसाच मग आकडाही शांत राहतो. सर्किट दर मिनिटाला आकडा पाठवणार, दवाखान्यातल्या छोट्या संगणकावरची पहिली चौकट तो घेणार, दुसरी विचारणार : आठाच्या वर का? दोनाच्या खाली का? तसं असेल तरच तिसरी मजकूर लिहिणार आणि चौथी ताईला आणि मला ई-मेल करणार.

ई-मेलच्या चौकटीला तीनच गोष्टी हव्या असतात : पत्ता, विषय आणि मजकूर. पोस्टकार्डालाही याहून जास्त काय लागतं? फक्त टपालखात्याशी ओळख करून द्यावी लागते. जीमेलवरून पत्रं धाडायची तर आपला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. अशा परक्या साधनांना साध्या पासवर्डने आत घेणं गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद केलं. आता आधी दुहेरी पडताळणी सुरू करायची आणि मग त्या साधनापुरता सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड मागून घ्यायचा. भाची म्हणाली, "घराची मुख्य किल्ली मोलकरणीला देत नाहीत ना मामा? तिला मागच्या दाराची वेगळी किल्ली. ती हरवली तर तेवढंच कुलूप बदलायचं."

ही पत्रं जातात कशी, हे पाहण्याचा मोह मला जुन्या सवयीने झालाच. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिली ई-मेल धाडली, तेव्हा ती दोन्ही यंत्रं एकाच खोलीत शेजारीशेजारी होती. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी टपालाचे नियम घालून दिले, आणि थोड्याफार फरकाने तीच रीत आजही चालते. पत्र नेणारं यंत्र दारात जाऊन आधी 'हेलो' म्हणतं. मग पत्र कोणाकडून, कोणासाठी, ते सांगतं. पलीकडचं यंत्र प्रत्येक वाक्याला 'बरं' म्हणून एक आकडा देतं. मजकूर संपला की एका ओळीवर नुसता पूर्णविराम. मग निरोप घेऊन जाणं. माणसांत कमी होत चाललेली ही अदब यंत्रांनी अजून सांभाळली आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं.

तर अशी ओवाळणी तयार झाली. तिसऱ्याच रात्री तिने प्रताप दाखवला. फ्रीजचं दार कोणाकडून तरी बोटभर उघडं राहिलं आणि रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पारा आठाच्या किंचित वर गेला. माझ्या चौकटींनी इमानेइतबारे पत्र धाडलं. पुढच्या मिनिटाला आकडा पुन्हा आठाच्या वर, पुन्हा पत्र. ताईचा फोन दिवाणखान्यात चार्जिंगला. सकाळी पावणेसातला ती उठून बघते तो तीनशे तीस पत्रं!

"अरे, ही ओवाळणी आहे की वसुलीची नोटीस?" ताईने फोनवर विचारलं. सुदैवाने पारा सव्वाआठाच्या वर चढला नव्हता. पण त्या ढिगाऱ्यात तिला दोन पालकांच्या खऱ्या पत्रांची शोधाशोध करावी लागली. आणि दुसऱ्याच दिवशी तिने माझ्या पत्रांचा आवाज बंद करून टाकला. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. यंत्राला ती सांगायची राहून जाते.

भाचीने चूक दाखवली. आकड्याची बातमी नसते, बदलाची बातमी असते. म्हणून मध्ये एक चौकट घातली, जी आधी आकड्याचं रूपांतर तीन शब्दांत करते : ठीक, गरम, गार. पुढे एक चाळणी, जी शब्द बदलला तरच निरोप पुढे सोडते. 'गरम' म्हणायचं ते पारा आठाच्या वर सलग दहा मिनिटं राहिला तर. आणि पुन्हा 'ठीक' म्हणायचं ते सातच्या खाली उतरल्यावर, म्हणजे उंबरठ्यावर आत-बाहेर करणाऱ्या पोरासारखं दर मिनिटाला दार वाजणार नाही. त्यानंतर सात महिन्यांत फक्त चार पत्रं आली आणि चारही खरी. ताईने आवाज पुन्हा सुरू केला. मी ज्याला-त्याला हे यंत्र दाखवू लागलो. मावशींची वही बंद झाली. रविवारी त्या लेकीकडे जाऊ लागल्या. सगळं कसं छान चाललं होतं.

जून २०२३. मृगाच्या वादळी पावसाची शनिवारची रात्र. मी पुण्यात, ताई घरी. दवाखाना तिच्या घरापासून दीड किलोमीटरवर. रात्री पावणेदहाच्या सुमारास वीज कडाडली आणि दवाखान्याच्या मीटरजवळची कळ खाली पडली. फक्त दवाखान्याची. आजूबाजूची घरं उजेडातच होती, त्यामुळे कोणाला काही कळायचं कारणच नव्हतं. फ्रीज बंद पडला. तापमान मोजणारं सर्किट बंद पडलं. माझा रास्पबेरी पाय बंद पडला. आणि ज्याच्यातून पत्र बाहेर पडायचं तो राउटरही बंद पडला.

पत्र आलं नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून मी रविवारी दुपारी आमरस खाऊन झोपलो.

सोमवारी सकाळी नऊला मावशींनी दवाखाना उघडला. पंखा लागेना. फ्रीजमधल्या जुन्या थर्मामीटरवर साडेएकोणीस अंश होते. ताईने काही हिशेब केला नाही. "शंका आली की टाकायचं," एवढंच म्हणाली आणि सगळ्या कुपी बाजूला काढल्या. पैसे गेले त्याचं तिला फारसं काही नव्हतं. पण त्या दिवशी अकरा बाळं लशीला यायची होती. त्यांतली एक आई दोन एस.टी. बदलून, पेरणीच्या दिवसांतला रोज बुडवून आली होती. ताईने तिला लस नाही असं सांगितलं, माफी मागितली. ती बाई काही बोलली नाही. बाळाला पदराखाली घेतलं आणि स्टँडकडे चालू लागली. "ती भांडली असती तर बरं झालं असतं रे," ताई मला रात्री म्हणाली.

मग थोडं थांबून तिने जे सांगितलं ते मी अजून विसरलेलो नाही. "तुझं यंत्र काही बोललं नाही, म्हणून मीही बघायला गेले नाही. एरवी रविवारी मावशींनी फ्रीज उघडला असताच."

ताईच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता, हे त्यातलं अधिक टोचणारं. मी तिला एक पहारेकरी दिला आणि त्याच्या भरवशावर तिचा जुना पहारेकरी उठवला. आणि हा नवा पहारेकरी असा की, ज्या संकटाची बातमी द्यायची त्याच संकटात तो स्वतः आधी आडवा झाला! एकतीस वर्षं टेलिफोनच्या धंद्यात काढून ही गोष्ट मला सुचू नये? एक्स्चेंजमध्ये आम्ही दर पाळीला लाइनी तपासायचो. कोणाची तक्रार आलेली नाही म्हणून लाइन चालू आहे असं कधीच धरत नव्हतो. कारण ज्याची लाइन बंद, तो तक्रार करणार कशी?

भाचीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, आपण उलटं करू. बातमी न येणं हीच बातमी धरू."

मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनच्या हाताखाली एक मूठ असते. ती दाबून धरलेली असते तोवर गाडी चालते. त्याचा हात ढळला की गाडी थांबते. आम्ही तेच केलं. आता दवाखान्यातलं यंत्र दर पंधरा मिनिटांनी इंटरनेटवरून माझ्या पुण्याच्या घरातल्या दुसऱ्या रास्पबेरी पायला 'आहे' एवढाच निरोप धाडतं. इथे नोड-रेडची 'ट्रिगर' नावाची एक चौकट आहे. तिला सांगून ठेवलंय की, पंचेचाळीस मिनिटं थांब. त्याआधी निरोप आला तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लाव. नाही आला तर ताईला, मला आणि भाचीला ई-मेल कर. म्हणजे पत्र आता संकटात सापडलेला धाडत नाही. वाट पाहणारा धाडतो. विचार करा, आपल्या घरांतही हेच चालत आलेलं आहे. रात्री उशीर झालेला मुलगा कधी कळवतो? कळवते ती दारात उभी असलेली आई.

पण मग माझ्याच घरची वीज गेली तर? पहारेकऱ्यावर पहारेकरी, त्याच्यावर आणखी एक, असं किती करत राहणार? इथे यंत्र संपतं आणि माणूस सुरू होतो, असं मला वाटतं. आम्ही शेवटी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, रोज रात्री आठ वाजता एक साधं पत्र : 'फ्रीज ४.६ अंश. दिवसभरात कमाल ५.९, किमान ३.८. सर्व ठीक.' यात बातमी काहीच नाही. पण ज्या रात्री हे पत्र येणार नाही, त्या रात्री कोणाला तरी ते जाणवेल. आजोळचं पोस्टकार्डच ते. दुसरी गोष्ट म्हणजे, मावशींची वही पुन्हा सुरू झाली. रविवारी त्या लेकीकडे जातात तेव्हा ताई स्वतः दवाखान्यात चक्कर टाकते आणि आकडा लिहिते. मावशींना मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचं यंत्र असू द्या की भाऊ. दोघं मिळून बघू."

आज पुष्कळ घरांत, दुकानांत, सोसायट्यांत अशी आपोआप धाडली जाणारी पत्रं येतात. पाण्याची टाकी भरली, बिल भरायचं राहिलं, औषधाची वेळ झाली. त्यांना नावं ठेवण्याचं मला कारण नाही. ज्याला चार तारा जोडता येतात त्याने जरूर जोडाव्यात; साठीनंतरही हे जमतं, हे मी माझ्यावरून सांगतो. फक्त जोडताना स्वतःला विचारावं, की हे पत्र आलं नाही तर मी काय समजणार आहे? आणि या पत्राच्या जिवावर मी कोणाला घरी बसवतो आहे?

रात्री आठचं पत्र आता सवयीचं झालं आहे. मध्यंतरी एका रात्री ते आलं आणि पाचच मिनिटांत त्यालाच ताईचं उत्तर आलं. तिच्या लक्षात आलं असावं की ते पत्र माझ्याच पत्त्यावरून जातं. तिने लिहिलं होतं, 'फ्रीजची खुशाली रोज कळते. तुझी कळून पंधरा दिवस झाले.'

खरंच होतं. रोज तिच्या दवाखान्यातून पत्र येत असल्यामुळे ताईशी बोलणं चालूच आहे, असं मला वाटत राहिलं होतं. मी फोन उचलला. आम्ही तासभर बोललो. फ्रीजचा विषय निघाला नाही.